आधी नोकरी, मग बोलायचं?

ताई, मी २२ वर्षांची आहे. विदर्भाच्या संघातून राष्ट्रीय कबड्डी खेळले, डावा कोपरा सांभाळते. यंदा माझ्या एका पकडीचा व्हिडिओ खूप फिरला. तेव्हापासून वस्तीत माझे फलक लागले अन् अनोळखी लोकही थांबवून फोटो काढतात. पुढच्या महिन्यात इथल्या मंडळानं सत्कार ठेवला आहे. त्या मंचावरून मला एक गोष्ट बोलायची आहे. आमच्या मैदानावर मुलींसाठी संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. सरावाच्या मध्ये जावं लागू नये म्हणून पोरी दुपारपासून पाणी पीत नाहीत. दिवे बंद असतात, कुंपणाबाहेरून पोरं मोबाइलवर शूटिंग करतात. आठवी-नववीत गेली की पोरगी यायची बंद होते. माझ्यापेक्षा चांगल्या चढाया करणाऱ्या पोरी अशा गेल्या. बाबा म्हणतात, “तुले नोकरी लागू दे आधी, मंग बोल जे बोलाचं ते.” रेल्वेच्या क्रीडा कोट्यात माझा अर्ज आहे. सर म्हणतात, खेळाडूनं खेळावं. एका पक्षाचे दादा म्हणतात, अधिवेशनाच्या मोर्चात ट्रकवर उभी राहा, बाकी आम्ही पाहतो. मैत्रिणी विचारतात, तू काय विनेश फोगाट आहेस का? मी बोलू का? माझा तेवढा अधिकार आहे का?
— एक कोपरारक्षक, दक्षिण नागपूर

प्रिय कोपरारक्षक,

बोल. त्याच मंचावरून बोल. ज्या दिवशी सगळी वस्ती तुझ्याकडे पाहत असेल, त्याच दिवशी बोल.

आता तुझ्या मनातल्या शंका एकेक घेऊ. सगळ्यात खोल रुतलेली शंका तू पत्राच्या शेवटी लिहिली आहेस, अधिकाराची. तिच्यापासूनच सुरुवात करते.

मैत्रिणींनी विनेशचं नाव घेतलं, पण आपल्या नागपूरची दिव्या देशमुख त्यांना आठवली नाही. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून ती बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली अन् ग्रँडमास्टर झाली, तेव्हा अख्ख्या शहरानं जल्लोष केला. पण ती बोलली ते त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी. नेदरलँड्सच्या वाइक आन झी इथली स्पर्धा संपल्यावर तिनं स्वतःच्या खात्यावर लिहिलं, की बघणाऱ्यांचं लक्ष माझ्या चालींकडे नव्हतं, माझ्या कपड्यांकडे, केसांकडे अन् बोलण्याच्या ढबीकडे होतं. महिला खेळाडूंच्या वाट्याला हे रोज येतं, असं तिनं स्पष्ट सांगितलं. त्या वेळी तिच्याकडे विश्वचषक नव्हता, ग्रँडमास्टर किताबही नव्हता. तिला कुणी अधिकारपत्र दिलेलं नव्हतं. त्या पटासमोर ती स्वतः बसली होती, एवढंच. तुझ्या मैदानावर रोज संध्याकाळी तू स्वतः उभी असतेस. त्या मैदानाबद्दल बोलायला याहून मोठा अधिकार कुणाकडे आहे? नगरसेवकाकडे? मंडळाच्या अध्यक्षाकडे? ते पाणी न पिता दोन तास चढाया करत नाहीत.

प्रत्येक खेळाडूनं प्रत्येक प्रश्नावर मत द्यावं, असं मी मानत नाही. कुणी गप्प राहिला म्हणून त्याला भित्रा म्हणणं मला पटत नाही. उद्या तुझ्या संघातली एखादी म्हणाली, “मला यात ओढू नको,” तर तिचं ऐक अन् तिच्याशी पूर्वीसारखीच वाग. घरची परिस्थिती प्रत्येकीची वेगळी असते. पण तुझा प्रश्न तसा नाही. तुला बोलायचं आहे, बाकीचे थांबवत आहेत. अशा वेळी मी तुझ्या बाजूनं उभी राहणार.

“आधी खेळून दाखव, मग लोक आपोआप मान देतील,” असं सर म्हणत असतील. याचं उत्तर पाळवणकरांच्या घरात आहे, ते जरा सविस्तर सांगते. पाळवणकर बाळू. चर्मकार समाजातला पोरगा, पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची देखभाल करायचा, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. तेव्हा क्रिकेटच्या स्पर्धांत धर्मावरून संघ असत; असा डावखुरा फिरकी गोलंदाज पुढे हिंदू संघाला टाळता येईना. १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघातून त्यानं त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. याहून जास्त काय खेळून दाखवायचं? पण त्याच बाळूला पुण्यात पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये बाळूला वगळलं गेलं अन् त्याचा भाऊ विठ्ठल याला कर्णधारपदासाठी डावललं, तेव्हा विठ्ठल अन् शिवराम या दोन भावांनी उघड निषेध करून संघातून माघार घेतली. वर्तमानपत्रात चर्चा झाली, निवड करणाऱ्यांची अडचण झाली. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. बाळूच्या बळींनी जे दार उघडलं नव्हतं, ते दोन भावांच्या नकारानं उघडलं. सरांना हे जरूर सांग. खेळानं लोक तुझ्याकडे बघायला लागतात. बघता बघता ते स्वतःहून बदलतील, ही खात्री खेळ देत नाही.

आता त्याच घराची दुसरी गोष्ट, ट्रकवाल्या दादांसाठी. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत उमेदवार उभा केला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात. तो उमेदवार होता पाळवणकर बाळू. ज्या बाळूबद्दल तरुण आंबेडकरांना अभिमान होता, ज्याच्या सत्कारात त्यांचा पुढाकार होता, तोच समोर उभा राहिला. बाळू हरला. त्याची स्वतःची मतं होती, त्याच्या निष्ठेवर मी शंका घेत नाही. पण पक्षानं त्याला निवडलं ते कशासाठी, हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मैदानावर कमावलेलं नाव दुसऱ्याच्या हिशेबात असं वापरलं जातं. खेळाडूच्या मनात काय होतं, ते मग कुणी विचारत नाही.

दादा वाईटच असतील असं नाही. डिसेंबरात अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, त्यांत पोटतिडकीनं आलेली हजारो माणसं असतात. त्या मोर्च्यांनी पुष्कळ काही मिळवलं आहे. पण दादा म्हणाले, “बाकी आम्ही पाहतो.” ते ‘बाकी’ म्हणजे काय, ते विचार. माईकवर कोण बोलणार? निवेदनात मुलींच्या संडासाचं वाक्य कितव्या ओळीत आहे? फलकावर कुणाचा फोटो मोठा? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तुलाच कळेल. माझं मत विचारशील तर यंदा ट्रकवर चढू नको. मोर्चात जायचंच असेल, तर मुलींच्या आयांसोबत चालत जा, स्वतःचं निवेदन स्वतःच्या हातात धरून. अन् तेच निवेदन सगळ्या पक्षांना दे.

बाबांचं सांगते. त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नको. ज्या घरात पहिल्यांदा सरकारी नोकरीची आशा आली आहे, तिथला बाप असंच बोलणार. पण त्यांच्या हिशेबात एक चूक आहे. त्यांना वाटतं, नोकरी लागली की पोरगी मोकळेपणानं बोलू शकेल. खरं तर उलट आहे. सरकारी नोकरीसोबत आचरणाचे नियम येतात. १९६६ चे रेल्वे सेवा आचरण नियम वाचून बघ: सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करायला त्यात बंधन आहे, राजकीय चळवळीत भाग घ्यायला मनाई आहे. राज्य सरकारच्या नोकरदारांनाही १९७९ चे तसेच नियम आहेत. मैदानावर संडास मागणं म्हणजे सरकारवर टीका नव्हे, हे मला अन् तुला ठाऊक आहे. पण प्रत्येक वेळी कुणाला तरी विचारून बोलावं लागेल. आज तू खेळाडू आहेस अन् या शहराची नागरिक आहेस, एवढंच. ट्रकवर चढू नको म्हणण्यामागे माझं हेही एक कारण आहे. मुलींसाठी चार वाक्यं बोललीस, तर निवड समितीसमोर ताठ मानेनं सांगता येतील. पक्षाच्या झेंड्याखालचा फोटो मात्र वर्षानुवर्षं मागे लागतो.

धोका नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया यांचं काय झालं ते तू पाहिलंस. जानेवारी २०२३ मध्ये ते जंतरमंतरवर बसले, कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर महिला मल्लांच्या लैंगिक छळाचे आरोप होते. अध्यक्षांनी ते नाकारले, प्रकरण कोर्टात गेलं. साक्षी अन् बजरंग दोघांकडे ऑलिम्पिक पदक होतं. तरी २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचललं, अन् दोन दिवसांनी ही माणसं पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला पोचली. त्याच डिसेंबरात साक्षीनं कुस्ती सोडली. म्हणून “मोठी झालीस की बोल” या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. मोठेपण ढाल होत नाही. मला त्यातून दुसरंच दिसतं. ते तिघं एकत्र बसले होते. मंडप उठवला गेला, तरी हरिद्वारच्या घाटावर ते एकत्रच गेले.

तूही एकटी बोलू नको. कोपरारक्षक चढाईवाल्यावर एकटीच झेपावली तर सुटका होते, शेजारचीनं साखळी धरली तर पकड बसते, हे मी तुला काय सांगू. मंचावर आवाज तुझा असेल, पण खाली समोरच्या रांगेत दहा-बारा मुलींच्या आया बसलेल्या असू देत. त्यांना आधी भेट. घरी जाऊन भेट, फोनवर नको. पोरगी मैदानावर यायची का थांबली, ते त्यांच्या तोंडून ऐक. मला वाटतं, त्यातल्या निम्म्यांनी पोरीला खेळ आवडतो हे माहीत असून थांबवलं असेल, जीव तुटत असताना थांबवलं असेल. अंधारात मोबाइल घेऊन उभी असलेली पोरं त्यांनाही दिसतात. तुझ्या बोलण्याचा परिणाम सगळ्यात आधी याच मुलींवर होणार आहे. तू उद्या रेल्वेत जाशील, त्या तिथेच राहतील. त्यांच्या आईबापांची परवानगी असल्याशिवाय एक शब्द बोलू नको.

मंचावर कुठल्याही मुलीचं नाव घ्यायचं नाही. “आमच्याकडची अमुकतमुकची पोरगी” असंही नाही, वस्तीत त्यावरून ओळख पटते. खात्यावर लहान मुलींचे फोटो टाकायचे नाहीत. शूटिंग करणाऱ्या पोरांचा व्हिडिओ काढून तो व्हायरल करायचा मोह होईल, तो आवर. ती पोरंही अठराच्या आतली असू शकतात. अन् एखाद्या मुलीसोबत गैरप्रकार घडला असेल तर ते भाषणाचं प्रकरण राहत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं पीडित मुलीची ओळख उघड करायला मनाई आहे. तिथे १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, पोलिसांत जायचं, मोठ्या माणसाला सोबत घेऊन.

आता काय बोलायचं ते. इथे मला मार्कस रॅशफोर्ड आठवतो, तेव्हा मँचेस्टर युनायटेडकडून खेळणारा फुटबॉलपटू. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, इंग्लंडमधल्या गरीब मुलांना शाळेतून मिळणारं मोफत जेवण उन्हाळ्याच्या सुटीत बंद होणार होतं. वयाच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे तुझ्याच वयात, त्यानं खासदारांना उघड पत्र लिहिलं. गरिबीवर भाषण केलं नाही. माझी आई पूर्णवेळ काम करायची, तरी घरात पुरत नव्हतं, मी शाळेच्या जेवणावर वाढलो, असं त्यानं लिहिलं. अन् मागणी एकच: सुटीतही जेवण चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी सरकारनं निर्णय बदलला. सुमारे १३ लाख मुलांना त्याचा लाभ होणार होता. इतकं लवकर सगळीकडे होत नाही, आपल्याकडे तर नाहीच. पण त्या पत्राची बांधणी बघ. आधी स्वतःच्या अंगावरून गेलेली गोष्ट, मग एक मागणी. “होय” किंवा “नाही” याशिवाय तिसरं उत्तर देता येणार नाही अशी.

तुझ्या पत्रात पाणी न पिण्याचं जे वाक्य आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तेच भाषणाचं पहिलं वाक्य कर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या शहरात वाढत्या वयाच्या मुली दुपारपासून घोटभर पाणी न पिता घामाघूम होऊन खेळतात. चक्कर, पोटऱ्यांत गोळे, लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग, हे सगळं त्यातून येतं. ओळखीच्या डॉक्टर बाई असतील तर त्यांना सत्काराला बोलव, समोर बसव. मंचावरच्या कुठल्याही पाहुण्याला त्या वाक्यावर टाळ्या वाजवून पुढे जाता येणार नाही. “महिला सक्षमीकरण” वगैरे शब्द भाषणात येऊ देऊ नको, ते पाहुण्यांच्या भाषणात येतीलच. तू सांग, की मी या मैदानावर खेळून विदर्भाकडून खेळले, मीही पाणी प्यायचे नाही. अन् मग एक संडास, एक खोली, दोन चालू दिवे. एवढंच माग.

पण हे मागायचं कुणाकडे, हे आधी शोधून ठेव. आपल्या शहरात काही मैदानं महापालिकेची आहेत, काही सुधार प्रन्यासची. तुम्ही सगळे ‘एनआयटी’ म्हणता तीच. मालक कोण हे माहीत नसेल तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात अन् पाच वर्षं निघून जातात. माहिती अधिकारात अर्ज टाक, १० रुपये फी आहे, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मैदान कुणाच्या ताब्यात आहे, दिव्यांच्या देखभालीची जबाबदारी कुणाची, स्वच्छतागृह मंजूर आहे का, एवढंच विचार. सत्कार पुढच्या महिन्यात आहे, म्हणजे अर्ज याच आठवड्यात जायला हवा. उत्तर हातात असेल तर मंचावरून तुला नेमकं नाव घेता येईल, माणसाचं नव्हे, कार्यालयाचं.

बाबांना भाषण आधी वाचून दाखव. त्याआधी एकदा त्यांना संध्याकाळी साडेसातला मैदानावर ने, दिवे बंद असतील त्या दिवशी. काही समजावू नको, नुसतं उभं राहू दे. तू एवढी वर्षं कुठे खेळलीस ते त्यांनी दिवसाच्या उजेडातच पाहिलं असणार.

सरांसाठी एक नाव पाठवते, पीटर नॉर्मन. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरच्या विजयमंचावर टॉमी स्मिथ अन् जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय धावपटूंनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली, तो फोटो सरांनी नक्की पाहिला असेल. त्यात रौप्यपदकाच्या जागी उभा असलेला गोरा ऑस्ट्रेलियन म्हणजे नॉर्मन. त्यानं मूठ उंचावली नाही, भाषणही केलं नाही. त्या दोघांच्या छातीवर मानवी हक्कांचा जो बिल्ला होता तसाच त्यानं मागून घेतला अन् लावला. एवढ्यासाठी त्याला मायदेशी बोलणी खावी लागली. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं त्याची माफी मागितली, तेव्हा तो हयात नव्हता. २००६ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला स्मिथ अन् कार्लोस आले होते. सरांना बोलायचं नसेल तर त्यांनी बोलू नये. सत्काराच्या वेळी त्यांनी मंचावर तुझ्या शेजारी उभं राहावं, एवढंच माग. ज्या शहरात हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल उभा केला, त्या शहरातल्या क्रीडाशिक्षकाला हे अवघड जाऊ नये.

“मेडल आण आधी” असं लिहिणारे येतील, तुझ्या शरीरावर, जातीवर, चारित्र्यावरही लिहितील. सत्कारानंतर तीन-चार दिवस खातं विश्वासू मैत्रिणीच्या हाती दे. तिनं धमक्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावे, ते सायबर पोलिसांकडे लागतात. बाकी कुणालाही उत्तर देऊ नको. अन् सराव एक दिवसही चुकवू नको. त्यांना काही दाखवायचं आहे म्हणून नव्हे, डाव्या कोपऱ्यावर उभी राहिलीस की तुझं डोकं शांत राहतं म्हणून. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं.

आयोजकांना ऐन वेळी धक्का देऊ नको. मंडळाच्या अध्यक्षांना आठवडाभर आधी सांग, की मी आभाराच्या भाषणात मैदानाबद्दल चार वाक्यं बोलणार आहे. ते कदाचित म्हणतील, पाहुणे मोठे आहेत, आज नको. तसं झालं तर सत्कार स्वीकार, नारळ-शाल घे, वाद घालू नको. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आयांना घेऊन, सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन, मैदान ज्यांचं आहे त्या कार्यालयात जा. अर्जाच्या दोन प्रती ने. एक त्यांना द्यायची, दुसरीवर आवक शिक्का अन् तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही.